पखालवाल्याच्या पोरीचं ‘हाव’

मालिकेच्या संहितेच्या समासात कोणीतरी लाल अक्षरांत विचारलं होतं : ‘इथे नायिकेला कशाची हाव आहे? स्पष्ट व्हावे.’

वाचून मी एकटीच हसले. नांदेडला घरी, माझ्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. मग उत्तर लिहिलं : ‘आमच्याकडे हाव म्हणजे हो. लोभ नाही.’ ‘आमच्याकडे’ खोडलं, ‘मराठवाड्यात’ लिहिलं, पुन्हा ‘आमच्याकडे’ केलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी समासात उत्तर आलं : ‘मग हो करू या.’

ज्या पुस्तकांवरून ही मालिका होत होती ती मावशीची होती. आईची थोरली बहीण, उदगीरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वर्गातल्या मुलांना लांबलांबचे किल्ले तोंडपाठ आणि शाळेच्या पलीकडे उभा असलेला किल्ला म्हणजे फक्त म्हशी चारायची जागा, हे तिला खुपायचं. म्हणून तिने मुलांसाठी तीन छोट्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. लातूरच्या एका छापखान्यात त्या छापल्या गेल्या आणि आसपासच्या शाळांच्या कपाटांत जाऊन बसल्या. तिन्हींत एकच मुलगी आहे, पखालवाल्याची. तिचा बाप बैलाच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून किल्ल्यात पाणी भरतो. ती बैलापुढे चालते. राजा नाही, सरदार नाही, नुसती पाणी भरणाऱ्याची पोर. ती बोलते तशी, जशी उदगीरच्या गल्लीत आजही कुठलीही पोर बोलते.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलता यायचं, पण वाचताना मी अडखळायचे आणि आकड्यांपुढे तर हातच टेकायचे. सुट्टीत उदगीरला गेले की मावशी म्हणायची, “एकोणसत्तर पान काढ.” मी एकोणऐंशी काढायचे. “दहा पानं पुढं पळून राहिलीस बग,” ती म्हणायची, “गोष्टीचा शेवट आधीच कळंल तुला.” तिने रागावून मला कधी शिकवलं नाही. मी मराठी वाचायला शिकले ती तिच्याच पुस्तकांवर.

एका निर्मितीसंस्थेला ही पुस्तकं सापडली आणि त्यांनी मुलांसाठी मालिका करायची ठरवली, तेव्हा त्यांना तिन्हींचा इंग्रजी सारांश हवा होता. वरची माणसं इंग्रजीत वाचतात, असं कळलं. मावशीने त्यांना सांगितलं, “आमची पोरगी देईल करून.” असं ते काम माझ्याकडे आलं. पुढे संवादांना मदत करायचंही आलं. मालिकेच्या लेखनाची प्रमुख माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी होती. तिला सगळे ताई म्हणत, मीही म्हणू लागले. मावशीने ताईला फोनवर एकच अट घातली होती. तेव्हा मी शेजारी बसले होते.

“पोरगी आमच्यावाणी बोलली पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

“नक्की, मावशी,” ताई म्हणाली. ती मनापासून म्हणाली होती, असं मला आजही वाटतं.

ज्या ‘हाव’वर लाल शेरा आला ते तिसऱ्या पुस्तकात आहे. किल्ल्याला वेढा पडलाय, आतलं पाणी संपत आलंय. मोठा दरवाजा बंद. त्याच्या पोटातला लहान दिंडी दरवाजा तेवढा उघडतो आणि मुलीला एकटीला वाकून बाहेर जायचंय. आई विचारते, “भ्याव वाटतंय का?” मुलगी म्हणते, “हाव.” पुढच्या ओळीत ती वाकते आणि बाहेर जाते. प्रकरण तिथेच संपतं.

हे पुस्तक छापून येण्याच्या आदल्या वर्षी मी चौथीत होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला एक इंग्रजी कविता म्हणायची होती. मावशी नांदेडला आली होती. पडद्यामागे माझ्या फ्रॉकचा पट्टा बांधता बांधता तिने विचारलं, “भ्याव वाटतंय का?” मी म्हटलं, “नो.” ती हसली. “लबाड. भ्याव वाटलं तर हाव म्हणावं. म्हणावं आन मग जावं.” मी गेले, दोन ओळी म्हटल्या आणि उरलेल्या पोटात तशाच घेऊन परत आले. पुस्तकातली ती जागा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हे आठवलं. पण मावशीला मी कधी काही विचारलं नाही. आमच्यात तसं विचारायची पद्धत नव्हती, निदान माझी नव्हती.

चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी मावशीला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं गेलं. लातूरच्या डॉक्टरांनी काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना सांगितलं की कधीकधी एखादाच शब्द मागे राहतो. कुठला राहील ते सांगता येत नाही.

मावशीचा राहिला तो ‘हाव’.

चहा हवा असला की हाव. चहा नको असला तरी हाव, फक्त तोंड भिंतीकडे वळायचं. टीव्हीचा आवाज वाढवा, पंखा बंद करा, माझी चादर ओढू नका, सगळं हाव. महिनाभर तिच्याजवळ राहिले तेव्हा मला त्यातली काही वेगळी काढता येऊ लागली. होकाराचं हाव खाली उतरायचं. नकाराचं मध्येच तुटायचं. राग आला की ते लांब व्हायचं आणि त्यात पाणी यायचं. ‘न्हाई’ हा शब्द तिच्याकडे उरलाच नव्हता. आयुष्यभर वर्गात फळ्यासमोर उभी राहून “न्हाई, तसं न्हाई, परत म्हन” सांगणाऱ्या बाईकडे.

काकांना हे वेगळेपण कळायचं नाही. कदाचित कळूनही ते कळू द्यायचे नाहीत. त्यांच्या धान्याच्या अडतीवरच्या प्रत्येक माणसाला त्यांनी सांगून ठेवलं होतं की आमच्या मास्तरीणबाई टीव्हीवर येऊन राहिल्यात. मावशीने ती मालिका डोळ्यांनी बघावी, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

पावसाळा संपता संपता ताई उदगीरला आली. मावशीला भेटायला आली होती. येताना लातूरहून पेढे आणले होते. समोरच्या घरातल्या आपाही येऊन बसल्या. आपा आणि मावशी चाळीसेक वर्षांच्या शेजारणी. आपा ब्लाउज शिवतात आणि मावशीची थट्टा करतात. लकवा मारल्यावर बाकीच्यांनी मावशीशी हळू बोलायला सुरुवात केली, आपांनी आवाज तेवढाच ठेवला.

ताई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मुलीचं काम करणारी मुलगी किती गोड आहे, बैल किती गुणी मिळालाय, वगैरे. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “मावशी, एक विचारायचं होतं. दिंडी दरवाजाचा प्रसंग आम्ही पहिल्याच भागात घेतोय. आई विचारते, भीती वाटते का. आता नायिकाच भीती वाटते म्हणाली, तर मुलं चॅनल बदलतील असं वरच्यांचं म्हणणं आहे. तिने ‘नाही’ म्हटलं तर चालेल तुम्हाला?”

मावशी तिच्याकडे बघत होती. “हाव,” ती म्हणाली. मध्येच तुटलेलं.

ताईचा चेहरा सैल झाला. “थँक्यू, मावशी.”

मी सहसा अशा वेळी बोलत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, “ताई, हे हो नाहीये.”

“म्हणजे?”

“तिला दुसरं काही म्हणताच येत नाही. हो असलं तरी हेच, नाही असलं तरी हेच.”

काका ताटलीत पेढे मांडत होते. “अगं, हाव म्हणली न ती? सगळ्यांच्या समोर म्हणली. कशाला फाटे फोडून राहिलीस?”

“काका, तिचं नाही म्हणणं आहे.”

“तुला बरं कळतंय!”

आपांनी पदर सावरला. “ठैरो भाई, मैं पूछती.” त्या मावशीच्या तोंडासमोर वाकल्या. “क्यों बाई, तुमचा सोन्याचा हार मैं ले के जाऊँ?”

“हाव,” मावशी म्हणाली.

“आन ये तुमचा बुढ्ढा भी?”

“हाव.”

“देखो!” आपा ताईकडे वळल्या. “हार भी गया, बुढ्ढा भी गया.”

काकांसकट सगळे हसले. मावशी सगळ्यात जास्त हसली. हसू तिचं शाबूत होतं, अर्ध्याच तोंडातलं, पण आवाज पूर्वीचाच. ताईही हसली. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं आणि ती हातातल्या पेढ्याकडे बघत राहिली.

निघताना दारात ती मला म्हणाली, “मी वर बोलून बघते. ‘हाव’ नाही, तर निदान ‘हो’.”

“‘हो’ पण चालेल,” मी म्हटलं. तेव्हा मला अर्थ वाचवायचा होता. शब्द हातचा गेलाय, हे मी मनात धरलंच होतं.

काही दिवसांनी मी नांदेडला परत निघाले. बस लोह्याला थांबली होती आणि खिडकीखाली एक बाई शेंगा विकत होती, तेव्हा ताईचा निरोप आला. तिने खूप प्रयत्न केला होता. जमलं नव्हतं. मुलीच्या हातात आता छोटी तलवारही येणार होती. निरोपाच्या शेवटी तिने लिहिलं होतं, ‘मावशींना तू सांगशील का?’

मी सांगितलं. पुढच्या खेपेला मावशीच्या केसांना तेल लावता लावता सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. हावसुद्धा नाही.

पहिला भाग रविवारी सकाळी दाखवला. काकांनी बाहेरच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. अडतीवरचे दोघेतिघे, गल्लीतली मुलं, आपा आणि त्यांच्या सुना. मावशीला इस्त्रीची साडी नेसवून खुर्चीत बसवलं. तिच्या डाव्या हाताला मी.

मालिका वाईट नव्हती. हे लिहायला हवं. बैल सुंदर होता, काळापांढरा, देवणी जातीचा. मावशीने लिहिला होता तसाच. पखालीतून पाणी गळत होतं आणि बाप जिथे जिथे थांबे तिथे ओला डाग पडत होता, तेही पुस्तकातलं. ते दिसलं तेव्हा मावशीने डावा हात माझ्या हातावर ठेवला. मुलं मांडीला मांडी लावून, तोंडं उघडी टाकून बघत होती. मुलगी स्वच्छ, नेटकं मराठी बोलत होती. आमच्या गल्लीतलं कोणीच तसं बोलत नाही, पण त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. टीव्हीवरची माणसं तसंच बोलतात.

मग दिंडी दरवाजा आला. आईने मुलीचा चेहरा ओंजळीत धरला. संगीत थांबलं.

“भीती वाटते का गं तुला?”

“नाही, आई!” मुलगी म्हणाली आणि तलवारीवर हात ठेवला.

“हाव,” मावशी म्हणाली.

खोलीत सगळ्यांनी वळून बघितलं. काकांचे डोळे भरले. “बगा,” ते अडतीवरच्यांना म्हणाले, “पसंत पडलं तिला.” कोणीतरी टाळी वाजवली, मग मुलांनीही वाजवल्या.

मावशी आमच्याकडे बघत नव्हती. ती पडद्याकडेच बघत होती, वर्गात चुकलेल्या पोरीकडे बघावं तशी. “हाव,” ती पुन्हा म्हणाली, सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून. थोडं थांबली. पोरगी पाठोपाठ म्हणते का, याची वाट बघितल्यासारखी. पडद्यावरची मुलगी केव्हाच दरवाजाबाहेर गेली होती. जाहिरात लागली.

आपा टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

त्यानंतर मावशीच्या चालण्याच्या व्यायामाची वेळ होती. खोलीतून अंगणात उतरायला एकच पायरी आहे. आदल्या आठवड्यात ती माझ्या आधाराने ती पायरी उतरली होती. मी तिला उठवलं, उंबऱ्यापर्यंत आणलं. ती थांबली. आत काका कोणाला तरी सांगत होते की पुढच्या भागात लढाई आहे.

मी तिच्या कानाशी वाकले. तिच्यासारखं बोलायला मला अजून लाज वाटते, इंग्रजी शाळेतल्या पोरीने नक्कल केल्यासारखं होतं. तरी विचारलं.

“मावशी, भ्याव वाटतंय का?”

“हाव,” ती म्हणाली. खाली उतरणारं, पूर्ण.

मी पुढच्या ‘जावं’ची वाट बघितली. ती पायरीकडे बघत होती. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती आणि पाय जागचा हलत नव्हता. समोर आपांच्या सुनेने वाळत घातलेले कपडे होते, ते हलत होते.

“मला पण,” मी म्हटलं.

आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.