तलवारीचं तांबडं पान

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात भिंगारला माझी एकाच माणसाशी लढाई चालू होती, आणि खरं सांगतो, मला तिची फार मजा येत होती. शत्रू भिंतीपलीकडेच राहायचे. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. गळ्यात तुळशीची माळ, आवाज परेडचा. भांडणाचं मूळ म्हणजे माझ्या ओट्यावरची काचेची पेटी. तीत थोडे गप्पी मासे होते आणि पुण्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं एक पाणरोप. त्याची पानं तलवारीसारखी लांब होतात आणि कोवळी असताना तांबडीलाल दिसतात, असं विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं.

माझी तलवार मात्र हट्टाने हिरवीच. लोह मिळावं म्हणून मुळाशी गंजके खिळे पुरले, पेटीवर दिवा टांगला, पानांवरचं शेवाळ बोटांनी पुसलं. अखेर ऐन मे महिन्यात मधोमध एक पान उलगडलं, डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचं. मी ओट्यावर चक्क नाचलो. हवालदार नळाच्या रांगेतून बघत होते.

"मानसांना प्यायला न्हाई, आन ह्यो गवताला आंघोळ घालतोय."

"गवत नाही हवालदार, तलवार आहे. तुमच्या पलटणीत नव्हती वाटतं?"

रांगेतल्या बायका हसल्या. ते हसू हवालदारांना झोंबलं, आणि त्याच आठवड्यात मलेरियाचा इन्स्पेक्टर दारात उभा राहिला. या पेटीत डास होतात, अशी तक्रार होती. साचलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या की पाणी जागच्या जागी ओतून द्यायचं, हा त्यांचा नियम. त्या उन्हात माझं पान तासाभरात पापड झालं असतं. हवालदार कमरेवर हात ठेवून सोहळा बघायला आले.

इन्स्पेक्टरने पळी बुडवली, उजेडात धरली, पुन्हा बुडवली.

"एक अळी नाही. गप्पी अळ्या शिल्लक ठेवतात कुठे? आता आलोच आहे तर शेजारचंही बघतो."

शेजारी हवालदारांचं पिंप होतं, रांगा लावून काठोकाठ भरलेलं. पहिल्याच पळीत अळ्या वळवळल्या.

"ओता हे. नाहीतर यांचे चार गप्पी सोडा आत."

मी तोवर फुलपात्रात मासे धरून, कमरेत वाकून हजर. "घ्या हवालदार, भरती करून घ्या."

"प्यायच्या पान्यात मासं? माळकरी हाय मी."

"खायचे नाहीत हो, नुसते पोसायचे."

"तू गप रं."

"लवकर ठरवा, मला पुढे जायचंय," इन्स्पेक्टर म्हणाला.

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, माळेला हात लावला, आणि स्वतःच्या खांद्याने पिंप आडवं केलं. सगळं पाणी माझ्या ओट्याखाली. माझ्या चपला वाहून गटारात गेल्या.

संध्याकाळी बायकोने माझं न ऐकता त्यांच्या दारात भरली कळशी नेऊन ठेवली. हवालदार ती तशीच परत घेऊन आले.

"मासंवाल्या घरचं चालत न्हाई आमाला."

मी कळशी उचलली आणि त्यांच्या देखत, बारीक धार धरून, अगदी सावकाश तलवारीवर रिकामी केली.