कवड्यांच्या झुलीखालची चिठ्ठी

हे मी अजून कोणापाशी बोललो नाही. रूमवरच्या मित्रांपाशी नाही, सरांपाशी नाही. आणि याडीपाशी — आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात — तिच्यापाशी तर नाहीच.

यवतमाळला आमच्या कॉलेजात लहानसं संग्रहालय आहे. गावोगावच्या जुन्या वस्तू आणायच्या, पुसायच्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी लावायची — काय आहे, कुठलं आहे, कोणी दिलं. अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडे. यात लपवण्यासारखं काय, असं वाटेल तुम्हाला.

आमचा तांडा महागावच्या पुढे. आमची माणसं बैलांवर मीठ लादून फिरायची, तेव्हाची एक झूल याडीच्या पेटीत होती. कवड्या लावलेली, तिच्या आजीनं शिवलेली. याडीनं ती माझ्या हातात दिली. "नीट ने," एवढंच म्हणाली.

मी ती संग्रहालयातल्या टेबलावर ठेवली अन् पाणी प्यायला गेलो. परत आलो तर वर्गातला एक जण नाक धरून उभा. "कोणाच्या घरची गोधडी आणली बे? धुराचा वास येऊन राह्यला!"

सगळे हसले. मी — मीही हसलो.

तेवढ्यात सर आले. कोणी दिली, त्यांनी विचारलं.

"माहीत नाही सर. कोणीतरी ठेवून गेलं."

हे वाक्य कुठून आलं? मला कळत नाही. नाही — कळतं.

चिठ्ठीवर मी लिहिलं, देणाऱ्याचं नाव : अज्ञात.

पुढे याडी बघायला आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. झुलीकडे कमी, चिठ्ठीकडेच जास्त बघत होती. तिला वाचता येत नाही. "माह्यं नाव कोणतं रे?"

मी काचेवर बोट ठेवलं. कुठे ठेवणार? त्याच शब्दावर. "शेवंता," मी वाचलं. तेही हळू — मागे मुलं होती. तिनं आपल्या मोबाइलमध्ये त्या शब्दाचा फोटो काढायला लावला.

चिठ्ठी बदलता आली असती. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. पण सर विचारतील, आता नाव कुठून कळलं? — म्हणून रोज नुसती काच पुसतो.

दिवाळीत घरी गेलो. याडी माझ्या भाचीची पाटी घेऊन बसली होती, समोर तो फोटो. बचत गटात आता अंगठा द्यायचा नाही, सही करायची, असं तिनं ठरवलंय. पाटीवर तीन वाकडी अक्षरं.

अज्ञात.

"पाय बरं," ती पाटी पुढे करत म्हणाली, "आलं का माह्यं नाव?"

मी म्हटलं, "आलं."