धनेशाची पत्रिका

धनपाल मगदूम लग्नाचे फोटो काढतो. मंगळवार पेठेत त्याचा स्टुडिओ आहे. वेड मात्र पाखरांचं. चैत्रात रान फुलतं, धनेश घरट्याला लागतो, आणि नेमकी तेव्हाच लगीनसराई. पंधरा वर्षं हा माणूस ऐन वसंतात मांडवात अडकलेला. मी आंदोलनांपायी कोठडी बघितली आहे. तिथून निदान सुटका तरी होते.

यंदा त्याला दोन मुहूर्तांमधला एक दिवस मोकळा मिळाला. राधानगरीच्या बाजूला एका रानात त्याला धनेशाची ढोली सापडली. गावाचं नाव मी लिहिणार नाही. धनेशाची मादी ढोलीत बसून आतून दार लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. मग पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं पोट नराच्या हाती. नर उंबर भरवतानाचा फोटो धनपालनं टिपला. अस्सल फोटो! पण सवय लग्नवाल्याची. खाली ठळक अक्षरांत तारीख, स्थळ, यायचा रस्ता, मोबाईल नंबर, सगळं छापलं आणि स्टेटसला ठेवलं.

रविवारी ढोलीखाली गाड्यांची रांग. नर लांबूनच चोचीत फळ घेऊन माघारी फिरला.

मी फोनवर भडकलो. "लगीन हाय व्हय रं तिचं? पत्रिका वाटलीस?"

"चुकलंच की. आमच्या घरात मुंगी मारत न्हाईत, आणि मी तिला कोंडून उपाशी मारायला लागलोय."

फोटो त्यानं काढून टाकला, पण तोवर तो गावभर फिरला होता. धनपालनं हातातलं लग्न दुसऱ्याला दिलं आणि झाडाखाली राखण करत बसला. बायको, रोहिणी, फोनवर ओरडत होती, "पुढच्या लग्नाची हळदीवाली दारात हायत, त्यास्नी काय सांगू?"

तिसऱ्या दिवशी मी गेलो. "नर आला का?"

"कालपास्नं न्हाई."

"यील कसा? तूच बसलायस की बुडाला! त्याला काय ठाऊक, तू राखणदार हायस?"

त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. उठला तर गाड्या येणार, बसला तर नर येणार नाही.

मी त्याला दंडाला धरून खालच्या फाट्यावर आणला. वाटेत मोटारसायकल आडवी लावली. तिथून झाड दिसत नाही. तासाभरात शाहूपुरीचा एक लांब लेन्सवाला आला.

"पावणं, रस्ता तुमच्या बापाचा हाय काय?"

"न्हाई. पण झाडबी तुमच्या सासऱ्यानं आंदण दिल्यालं न्हाई."

त्यानं मोबाईल पुढं केला. "हा नंबर ह्यांचाच न्हवं? ह्यांनीच बोलावलंय की."

धनपालनं मान खाली घातली. पुढचं मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. गाडी वळली एवढं खरं.

ऊन कलायला लागलं. तेवढ्यात डोक्यावरून पंखांचा घोगरा, जड आवाज गेला. ढोलीच्या दिशेनं. धनपाल ताडकन उठला.

"बसला का पुढं गेला?"

"मला काय दिसतंय?"

"चोचीत काय होतं का?"

"न्हाई दिसलं, धनपाल."

दोन पावलं तो वर चढला. थांबला. जाऊन बघितलं तर नर उडणार, आणि न बघता ती जिवंत आहे का, हे कळणार कसं? तो तसाच उभा राहिला. खालच्या वळणावर आणखी एका गाडीचा हॉर्न वाजला. धनपाल परत आला आणि मोटारसायकलवर बसला, झाडाकडं पाठ करून.