बायोप्सीचं सांगताना मला बाहेर बसवलं

बायांनो, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहिते.

आमच्या ह्यांची प्रोस्टेटची बायोप्सी होती. तुकडा काढून तपासतात, कॅन्सर आहे का ते त्यातूनच कळणार. सकाळीच शहाडहून ठाण्याला हॉस्पिटलात गेलेलो. सिस्टरने विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी बंद केली ना?"

हे माझ्याकडे बघतात. गोळी रोज मीच देते, आज चहानंतर पण दिली.

झालं. रक्त थांबणार नाही, आजचं रद्द, पुढच्या आठवड्यात या.

मागच्या वेळी डॉक्टरांनी हे सगळं सांगितलेलं. पण तेव्हा ह्यांनी मला बाहेर पाठवलं. "बाईमाणसासमोर त्या जागेच्या गोष्टी कशाला?" आणि स्वतः लाजून मान खाली घालून बसले, ऐकलं काहीच नाही.

आज मी खुर्चीवरून हललेच नाही. सिस्टर म्हणाली, "मावशी, मागच्या वाटेने नळी घालतात. आधी बधिर करतात, मग सुईने बारीक तुकडे घेतात. नंतर थोडे दिवस लघवीत, संडासला रक्त दिसेल, घाबरू नका. पण थंडीताप आला किंवा लघवी अडकली तर लगेच घेऊन या."

हे म्हणतात, "हळू बोला, लोकं ऐकतात."

मी म्हटलं, "ऐकू दे. त्यांच्या घरी पण पुरुष आहेत."

आता अजून आठवडाभर कॅन्सर आहे की नाही ह्या घोरात दोघांनी राहायचं, ते ह्यांच्या लाजेपायी. तुमचे पण तुम्हाला बाहेर बसवतात काय गं? मग तुम्ही उठता कशाला?