बेस गिटारची मान आणि सोलापूरची एक दुपार

मंद गाण्यात माझ्या बेस गिटारचा सूर अर्ध्यातच विरतो, असं आमच्या ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी पुन्हा ऐकवलं. पुढच्या तालमीतही तसंच झालं, तर बेस कीबोर्डवर वाजणार आणि मी घरी बसणार. म्हणून बार्शीहून सकाळची सोलापूर एसटी धरली.

माझ्या गिटारची मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, धडाला स्क्रूंनी जोडलेली आहे. गर्दीत मोडेल या धास्तीने मी दर प्रवासाला ती काढून टॉवेलात गुंडाळतो, स्क्रू साबणाच्या डबीत ठेवतो. वाटेतलं वैराग गाव येईपर्यंत डबी इतक्यांदा उघडली, की शेजारच्या आजोबांनी विचारलं, "सोनं हाय व्हय त्यात?" (सकाळी जाणार असाल तर उजवीकडे बसा, डावीकडे ऊन येतं.)

स्टँडवरून शेअर रिक्षाने भवानी पेठेत पोहोचलो. तिथे माझा मित्र व्यंकटेश राहतो, तोही बेस वाजवतो. त्याच्या गिटारची मान गोंदाने कायमची चिकटवलेली. अशा जोडात सूर जास्त टिकतो असं वाचलं होतं, त्यामुळे गिटारींची अदलाबदल करायचं ठरवूनच गेलो होतो.

माझी गिटार जोडून झाल्यावर, कोणती वाजतेय ते दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसलो, त्याने दोन्ही वाजवल्या. त्याची गोल, लांब वाजली. माझी खणकन सुरू होऊन लगेच गप्प. मग त्याने माझ्या गिटारचा जोड अंगठ्याने दाबला, तर तो चक्क हलला.

"किती येळा माहेरी धाडतोस हिला?" व्यंकटेश म्हणाला. "भोकं सैल झाली की. नांदू दे जरा."

भोकांत काडेपेटीच्या काड्या गोंद लावून ठोकल्या. गोंद वाळेपर्यंत त्याच्या अम्मांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. दही संपलं, तरी वाळणं संपेना. मग मान बसवून तारा ताणल्या, स्क्रू किंचित ढिले केले. तारांच्या ओढीने मान खाचेत घट्ट सरकली, तसे स्क्रू पुन्हा आवळले.

आता सूर टिकला, आणि सुरुवातीची खणकही राहिली. अम्मांच्या मते दोन्ही सारख्याच ढुमढुम करतात. मी अदलाबदल नको म्हटल्यावर व्यंकटेशचा चेहरा पडला. त्या खणकेवर त्याचा डोळा होता.

परतताना गिटार अख्खीच आणली, गुडघ्यांत धरून. कोणता जोड चांगला, यावर मी अजून वाचतो. पण मान काढणं बंद केलंय. आणि तालमीत? मंद गाण्याच्या शेवटच्या सुरावर मास्तरांनी हात वर धरला, तो विरायची वाट बघत. बराच वेळ धरला. शेवटी हात झटकत म्हणाले, "बास, चला पुढं."