ग्रेडरसाहेबांचा आवडता लेखक

माणसाची पारख त्याच्या नोकरीवरून, आडनावावरून, पायातल्या चपलांवरून करणारे लोक मी पुष्कळ पाहिले. पण 'तुमचा आवडता लेखक कोण?' एवढ्या एका प्रश्नावर भाडेकरू, व्याही आणि डोळ्यांचा डॉक्टर निवडणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या नशिबी घरमालक म्हणून आला. अमरावतीहून बदली होऊन मी वर्ध्याला आलो आणि खोली बघायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला ना ऑफिस विचारलं, ना गाव. चष्म्यावरून बघत म्हणाले, "आवडता लेखक कोन?" मी गडबडीत शाळेपासून सगळे घेतात ते नाव ठोकून दिलं. "काऊन आवडते?" "सगळ्यांनाच आवडतात," मी म्हटलं. "हे कारन नाई झालं जी, ही साथ झाली." दिवसभर खोल्या बघून माझे पाय दुखत होते. मी वैतागून सांगून टाकलं की गेल्या दोन वर्षांत मी ऑफिसातल्या फायली आणि वर्तमानपत्र सोडून काहीही वाचलेलं नाही. त्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. "खरं बोलले. या उद्यापासून राहाले. नळ सकाळी सहाले येते."

गल्लीत त्यांना सगळे ग्रेडरसाहेब म्हणत. नोकरीभर त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवली होती. गाडी आली की आतला थोडा कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा आणि धागा लांब की आखूड, म्हणजे माल चांगला की हलका, ते सांगायचं. निवृत्तीनंतर कापूस सुटला, पण चिमटी काही सुटली नाही. गाडीच्या वरच्या थरात जो तो चांगला माल ठेवतो, म्हणून ग्रेडरने हात खोल घालायचा, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम होता आणि तोच त्यांनी पुस्तकांना लावला. पहिलं पान ते कधी वाचतच नसत. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं, एक पान वाचायचं, अंगठा तर्जनीवर घासायचा आणि निकाल द्यायचा. एका गाजलेल्या कादंबरीत पानोपानी रडारड होती, तिला त्यांनी "ओलावा जास्त हाय" म्हणून बाजूला केलं. एका विद्वानांच्या ग्रंथाला "कचरा लय" असा शेरा मिळाला. निकाल पास असला तरच ते पुस्तक पहिल्या पानापासून सुरू होई.

प्रश्न विचारायला त्यांना स्थळकाळाचं भान नसे. एकदा केळझरच्या गणपतीला आम्ही गल्लीतले सगळे गेलो होतो. रांगेत त्यांनी पुढच्या गृहस्थांना आवडता लेखक विचारला. ते गृहस्थही तसलेच निघाले. दोघे इतके रंगले की बोलत बोलत रांगेतून बाहेर पडून प्रसादाच्या दुकानाशी जाऊन बसले, आणि दर्शन राहून गेल्याचं दोघांनाही परतीच्या एसटीत आठवलं. मोतीबिंदूच्या वेळी पहिल्या डॉक्टरांनी "वाचायला वेळच मिळत नाही" म्हटल्यावर हे उठून आले. दुसऱ्याने एका रहस्यकथा लिहिणाऱ्याचं नाव घेतलं. काऊन, तर म्हणे शेवटी सगळं नीट दिसायला लागतं. "याले डोया दाखवाले हरकत नाई," ग्रेडरसाहेब म्हणाले. मुलीचं लग्न जमवताना मुलगा या प्रश्नाला घाम पुसत बसला होता; उत्तर त्याच्या आईने दिलं, कारणासकट. घरी येऊन हे काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले, "पोरगा ठीकठाक हाय. पन सासू वाचते. पोरीले तिथंच देऊ." मुलगी सुखात आहे आणि आजही सासूशी तिचं जास्त जमतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात आम्ही सात-आठ जण जमायचो. चहा आणि काकूंचा चिवडा. प्रत्येकाने एक लेखक सांगायचा आणि तो का आवडतो ते सांगायचं. कारण स्वतःचं हवं, प्रस्तावनेतलं चालणार नाही, ही अट. एक प्राध्यापक पाऊण तास बोलले, त्यात ग्रेडरसाहेबांनी तीनदा चहा मागवला. उलट समोरचा शिंपी एवढंच म्हणाला, "याच्या गोष्टीतले मानसं काय कपडे घालते ते बरोबर लिहिते. गरिबाच्या सदऱ्याले उगाच नवीन गुंड्या नाई लावत." त्याच्यासाठी ग्रेडरसाहेब स्वतः उठून चिवडा घेऊन आले. मात्र त्यांना स्वतःला कुणी विचारलं, की साहेब, तुमचा आवडता लेखक कोण, की ते लगबगीने उठत. "दूध उतू जाऊन राह्यलं वाटते." आतून काकूंचा आवाज येई, "दूध तं सकाळीच तापवलं!" तरी ते आत जात, आणि विषय बदलल्याशिवाय बाहेर येत नसत.

त्याचा उलगडा दिवाळीच्या साफसफाईत झाला. स्टुलावर चढून मी माळ्यावरची पुस्तकं काकूंच्या हातात देत होतो. एका कोपऱ्यात खाकी कव्हर घातलेली नऊ पुस्तकं निघाली. उघडून बघतो तर नऊही एकच. तळेगावच्या कुण्या मास्तरांनी लिहिलेली लहानशी कादंबरी. नाव मी कधी ऐकलं नव्हतं. "नऊ कशाला?" मी विचारलं. काकूंनी आधी दाराकडे पाहिलं. ग्रेडरसाहेब बाजारात गेले होते.

"यायची तिकडच्या केंद्रावर बदली होती तवाची गोष्ट हाय," त्या म्हणाल्या. "मास्तर कापसाची गाडी घेऊन आलते. साहेब वाचनारे हायेत म्हनून नवंकोरं पुस्तक हातात देलं. पहिलंच पुस्तक होतं त्यायचं. मांगं गाड्यायची रांग लागली होती. यायनं आपलं मंधातच उघडलं, एक पान वाचलं, आन् साऱ्यायच्या समोर म्हनलं, 'मास्तर, धागा आखूड हाय.' लोक खो खो हासले. मास्तर निंगून गेले. महिन्याभरानं घरात वाचाले दुसरं काई नव्हतं म्हनून यायनं ते सुरुवातीपासून वाचलं, तं दोन दिवस धड जेवले नाई. मास्तरानं मंग दुसरं पुस्तक लिहिलंच नाई. तवापासून रद्दीत दिसलं का घेऊन येते. आन् ज्याले त्याले विचारत राह्यते. कोनीतरी त्यायचं नाव घेईन म्हनून वाट पाहून राह्यले, बाप्पा. इतक्या वर्सात एकानंबी नाई घेतलं."

मी एक प्रत खोलीवर नेली. खरं सांगायचं तर मनात दयाच होती. पुढच्या रविवारी नाव घेऊन टाकू, म्हाताऱ्याला बरं वाटेल. पण वाचत गेलो तशी दया बाजूला राहिली. रविवारी माझी पाळी आली तेव्हा मी मास्तरांचं नाव घेतलं. ग्रेडरसाहेबांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांनी एकदा काकूंकडे, एकदा माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि कोरड्या आवाजात विचारलं, "काऊन?"

मी म्हटलं, "त्यात एक पान आहे. नवरा शेतातून येतो, पाय धुतो, दोघं जेवायला बसतात. बायको विचारते, वांग्यात मीठ जास्त झालं का? तो नाही म्हणतो. एवढंच. पण आपल्याला आधीच्या पानांवरून माहीत असतं की तिचा भाऊ गेल्याचा निरोप त्याला दुपारीच मिळालाय. तो तिला आधी पोटभर जेवू देतोय. म्हणून मला तो लेखक आवडतो."

ग्रेडरसाहेब बराच वेळ अंगठा तर्जनीवर घासत बसले. मग म्हणाले, "तेच पान उघडलं होतं म्या." दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते माझ्या दारात हजर. "सुट्टी टाका जी. तळेगावले जाऊ."

मास्तर अंगणात संत्री निवडत बसले होते, मोठी एका ढिगात, बारकी दुसऱ्या. ऐंशीच्या घरातले, ताठ. आम्हाला त्यांनी बाजेवर बसवलं, पाणी दिलं. जगाला प्रश्न विचारत फिरलेल्या ग्रेडरसाहेबांनी पाण्याचा गिलास घोट घोट करत संपवला. शेवटी एका दमात म्हणाले, "मास्तर, केंद्रावर म्या तुमच्या पुस्तकाले आखूड म्हनलं होतं."

"असं?" मास्तर हसले. "मले तं काई याद नाई. किती गाड्या, किती लोक!"

"मंग दुसरं काऊन नाई लिहिलं?"

"बाग लावली ना. झाडायले पानी द्याचं का कादंबऱ्या लिहाच्या?" त्यांनी एक संत्रं सोलून आमच्यापुढे ठेवलं. "तुमी वाचनारे दिसता. कोनता लेखक आवडते तुमाले?"

आता दूध उतू जायला तिथे स्वयंपाकघरही जवळ नव्हतं. "तुमी," ग्रेडरसाहेब म्हणाले.

"काऊन?"

हा प्रश्न त्यांना उभ्या आयुष्यात कुणी विचारला नसावा. ते चाचरले, खाकी कव्हरचं पुस्तक पिशवीतून काढलं, पुन्हा आत ठेवलं. "माया हात चुकला होता, मास्तर," ते म्हणाले. "पुस्तकात कापसासारखा मंधात हात नाई घालाचा, हे मले तुमी शिकवलं. लय उशिरा शिकलो, तरी खोड नाई सुटली." त्यांचे डोळे भरून आले होते. कापसातही आणि कादंबरीतही त्यांनी जन्मभर ओलावा नापास केला. मला त्या क्षणी ते फार आवडले.

मास्तरांनी निघताना पिशवीभर संत्री दिली, मोठ्या ढिगातली. फाटकापर्यंत सोडायला आले. ग्रेडरसाहेब हलके होऊन चालले होते. मास्तरांना काही आठवत नाही, म्हणजे आपल्यामुळे काही बिघडलं नाही. फाटकाची कडी लावता लावता मास्तर म्हणाले, "एकोनचाळिसावं पान होतं ते. मी तुमच्या हाताकडंच पाहून राह्यलो होतो."

ग्रेडरसाहेब वळले. मास्तर तोवर पाठमोरे होऊन संत्र्यांकडे निघाले होते.

एसटीत कंडक्टर आला. कुठल्याही कंडक्टरला आवडता लेखक विचारणाऱ्या ग्रेडरसाहेबांनी मुकाट्याने दोन तिकिटं घेतली. मग पुस्तक काढलं आणि एकोणचाळिसावं पान उघडून मांडीवर ठेवलं. आर्वी गेलं, गाडी भरली, रिकामी झाली. वर्ध्याचा स्टँड आला तरी पान तेच होतं.