दिवस मावळायच्या आत

पलूस भागातल्या बायका चंदनबाला अक्कांविषयी एक गोष्ट हमखास सांगायच्या. अक्कांच्या पोटात गोष्ट राहते. हे काही लहानसहान कौतुक नव्हे. सकाळी एखादीच्या घरी दूध नासलं, तर दुपारपर्यंत पलीकडच्या शिवारात त्याची चर्चा होते, अशी ही गावं. तिथं पोटात गोष्ट ठेवणारी बाई म्हणजे नवलच.

नवरा गेल्यावर अक्का 'ओसरी' नावाच्या संस्थेत जायला लागल्या. संस्था बायकांची, काम पडेल ते. कुणाचं रेशनकार्ड अडलंय, कुणाला दवाखान्यात सोबत हवीय, कुणाचा दाल्ला पिऊन हात उचलतोय. अक्का बोलायच्या थोडं आणि बसायच्या फार. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर तासन्‌तास बसून राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. बसून बसूनच त्यांनी अर्ध्या तालुक्याची दुःखं ऐकली होती आणि एकही सांडली नव्हती.

अशात विद्यापीठानं 'ओसरी'बरोबर मिळून एक अभ्यास करायचं ठरवलं. विषय होता बाहेरून आलेल्या सुनांचा. शेती करणाऱ्या पोराला इकडं मुलगी मिळेना झालीय. ऊस आहे, द्राक्षबाग आहे, दारात ट्रॅक्टर आहे, पण मुलीला पुण्यातला नोकरदार पाहिजे. मग सुना येतात सीमेपलीकडून, विदर्भातून, कुठकुठून. त्या नांदतात कशा, हे कुणीच विचारलं नव्हतं. विद्यापीठाच्या पोरींनी विचारलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर आलं, 'सगळं बरं हाय.' तेव्हा अभ्यास चालवणाऱ्या सरांच्या लक्षात आलं, हे काम अक्कांसारख्या बाईशिवाय व्हायचं नाही.

सर भले होते, हे सांगायलाच हवं. विश्रामबागेतल्या कार्यालयात त्यांनी अक्कांना आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हा अभ्यास आमचा नाही, आपला आहे." अक्का त्या दिवशी एस.टी.नं घरी परतल्या, त्या खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात हसत. इतकी वर्षं आपण नुसतंच बसलो असं त्यांना वाटायचं. त्या बसण्याला आज किंमत आली. माणसाला एवढं सुख झालं की ते जरा सैल होतं, आणि अक्काही झाल्या.

सरांनी हाताशी दिली प्रियंका. कडेगावची पोर, बौद्ध वस्तीत वाढलेली, आईनं दुसऱ्याच्या रानात खुरपून शिकवलेली. हुशार होती आणि जीव लावणारी होती. अक्कांना मागं बसवून स्कूटीवरून गावोगाव फिरायची. "अक्का, घट्ट धरा," म्हणायची आणि खड्डा आला की स्वतःच ओरडायची.

नदीकाठच्या एका गावात बेदाण्याची शेड होती. बायका दिवसभर मांडी घालून बेदाणा निवडायच्या, काड्या बाजूला, काळे पडलेले बाजूला. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं, हे अक्कांना पक्कं ठाऊक. म्हणून त्याही निवडायला बसायच्या. तिथं त्यांना त्रिशला भेटली. बेळगावकडची, घरात कन्नड बोलत वाढलेली, अक्कांच्याच जैन समाजातली. नवरा जिनेश स्वभावानं गरीब, म्हणजे आईपुढं तोंड न उघडणारा. मुलगी श्रद्धा अजून अंगावर पिणारी.

पुष्कळ दिवस त्रिशला नुसती निवडत राहिली. मग एक दिवस मान खाली घालूनच म्हणाली, "अक्का, मला लय भूक लागते."

अक्कांनी विचारलं नाही. त्या थांबल्या.

शेड सुटायची दिवेलागणीला. घरी पोचेपर्यंत दिवस मावळलेला. सासूबाई, रतनबाई, दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकून शेगडी पुसून ठेवायच्या, सिलिंडरसुद्धा बंद. 'या घरात दिवा लागल्यावर भांडं वाजत न्हाई,' म्हणायच्या. लवकर सुटावं तर हजेरी तुटते, म्हणून घरात बोलणी. दुपारच्या डब्यात भाकरी जास्तीची मागितली, तर 'शेडवर बेदाणा खातीसच की' म्हणायच्या. दुपारच्या डब्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ गाठायची. अंगावरचं दूध आटत चाललं होतं.

"रात्रीचं खायला मागत न्हाई मी," त्रिशला घाईनं म्हणाली. "लग्नाआधी आईच्या देखत नेम घेतलाय, रात्री खायचं न्हाई. आई गेली, नेम राहिला. तो मोडायचा न्हाई मला. दिवसाउजेडी दोन घास मिळावंत, एवढंच. पण अक्का, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. अत्ती म्हणत्यात, जा तुझ्या गावाला, पोरगी ठेव हितं. कुठं जाऊ मी? भावानं दार लावलंय."

अत्ती म्हणजे सासू. अक्कांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझ्यापाशी दिलंस ते माझ्यापाशी राहील."

हा शब्द त्यांनी आयुष्यात कितीदा दिला होता आणि कितीदा पाळला होता. पण आता ऐकलेलं दुसऱ्याला द्यायचं, हेच त्यांचं काम झालं होतं. अभ्यासासाठी बायकांची परवानगी घेतलेली होती, नाव बदलायची सोय होती, सगळं रीतसर होतं. अक्कांनी प्रियंकाला सांगितलं, प्रियंकानं लिहिलं, आणि लिहिता लिहिता तिचे डोळे भरून आले.

छापण्याआधी प्रियंका मुद्दाम त्यांच्या घरी आली. "अक्का, तुम्हीच बघा. ओळखू येईल असं काही राहिलंय का?"

अक्कांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं. त्रिशलाची सीमा केली. बेळगाव काढलं. बेदाण्याची शेड काढून तिथं कारखाना घातला. मुलीचा मुलगा केला. आडनाव, गाव, नदी, सगळं पुसलं. दिवस मावळायच्या आत पुसली जाणारी शेगडी तेवढी राहिली. त्यांच्या माहेरी तसंच, सासरी तसंच. त्यांची स्वतःची शेगडीही रोज त्याच वेळी पुसली जायची. आता यात ओळखू येण्यासारखं काय आहे? ती कुणाची खूण असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. प्रियंकाला वाटलं, अक्कांनी ठेवलंय म्हणजे ठीक असेल. त्रिशलाच्या नेमाचं तर अक्कांनी तिला सांगितलंच नव्हतं. घरोघरचे नेम, त्यात सांगायचं काय?

सरांचा एक नियम होता, आणि तो चांगलाच होता. लोकांकडून घेतलेलं लोकांना परत द्यायचं. म्हणून ज्या गावांत काम झालं, तिथं जाऊन वाचून दाखवायचं ठरलं. त्या गावातही समाजमंदिरात सतरंज्या पसरल्या, चहा झाला, प्रियंका उभी राहिली. बायका दाटीवाटीनं बसल्या. सीमाची गोष्ट सुरू झाली तशी एकीनं पदर डोळ्याला लावला. प्रियंकाचा आवाजही छान लागला होता. "दिवस मावळायच्या आत शेगडी पुसली जाते," तिनं वाचलं.

पुढच्या रांगेतली एक मान मागं वळली. मग दुसरी. मग सगळ्या वळल्या, भिंतीला टेकून पोर मांडीवर घेऊन बसलेल्या त्रिशलाकडं.

दिवस मावळायच्या आत चूल विझवणारी, जैनांची घरं त्या गावात दोनच होती. एकात म्हातारा-म्हातारी होते, त्यांना सून नव्हती.

अक्कांना उठून प्रियंकाच्या हातातले कागद ओढावेसे वाटले, पण ओढून आता काय होणार होतं? त्रिशलानं वर बघितलंच नाही. ती पोरीचं झबलं सारखं करत राहिली, सारखं असलेलं झबलं.

चौथ्या दिवशी रतनबाईंचा निरोप आला. संध्याकाळी या, त्या म्याडमलाबी आणा. अक्का आणि प्रियंका गेल्या, तेव्हा कट्ट्यावर शेडमधल्या निम्म्या बायका जमल्या होत्या. अंधार पडला होता, दारातला बल्ब लागला होता. रतनबाईंनी अक्कांना पाट दिला, पाणी दिलं, मानपान सोडला नाही. बाई काही राक्षसीण नव्हती. जन्मभर घर सांभाळलेली, आणि त्याच घराची गावात शोभा झाली म्हणून आतून पेटलेली. मग त्या आत गेल्या आणि भरलेलं ताट घेऊन आल्या. भात, आमटी, भाकरी, वर तुपाची धार.

"सून उपाशी ठिवतो म्हणं आमी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "दिवा लागल्यावर भांडं वाजत न्हाई म्हणं. बगा बायांनो, वाजतंय का न्हाई ते. ये गं, बस हितं. जेव."

त्रिशला बसली. जिनेश दाराला धरून उभा होता, पायाच्या अंगठ्याकडं बघत. त्रिशलानं ताटाकडं बघितलं आणि मग, त्या दिवसापासून पहिल्यांदा, अक्कांकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर अक्कांना बरं वाटलं असतं.

"रतनबाई, ताट उचला," अक्का उठल्या. "हिनं काय सांगितलं न्हाई मला. मीच रचलं. कुठलं तरी ऐकलेलं, कुठं तरी जोडलं. खोटं हाय ते."

ज्या बायकांनी आपापलं गाठोडं अक्कांपाशी सोडलं होतं, त्या सगळ्या त्यांच्याकडं बघत होत्या. अक्कांची इतक्या वर्षांची कमाई त्या एका वाक्यात गेली. त्यांना त्याचं तेवढं दुःख नव्हतं. ताट उचललं जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"मग तर झालंच की," रतनबाई म्हणाल्या. "खोटं हाय तर खायला भ्यायचं काय? खा गं. सगळ्यांच्या देखत खा."

त्रिशलानं पोरीला मांडीवरून खाली ठेवलं. डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली, बहुतेक आईला. मग तिनं घास घेतला. तो गिळला आणि दुसरा घेतला. ताट संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही, आणि कुणीही तिला मध्ये थांबवलं नाही. अक्का उभ्याच होत्या. नेमाचं बोलावं तर तेही तिनंच विश्वासानं दिलेलं, आणि बोलून तरी ती पुन्हा याच उंबऱ्याच्या आत जाणार होती.

परतताना प्रियंका गाडी चालवत होती. उसाच्या दोन फडांमधून रस्ता जात होता. मग मध्येच ती मान जरा मागं करून म्हणाली, "चूक झाली अक्का, मोठी चूक झाली आपली. मी उद्याच सरांना सांगते, ते पानच काढून टाकू. पण एक सांगू? काही म्हणा, आज तरी ती पोटभर जेवली."

अक्कांच्या ओठांवर सगळं आलं होतं. आईच्या देखत घेतलेला नेम, 'मोडायचा न्हाई मला' म्हणणारा तो घाईतला आवाज. पण ते सांगायचं म्हणजे पुन्हा त्रिशलाचंच सांगायचं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "जेवली."

आणि पुढं खड्डा होता, म्हणून त्यांनी प्रियंकाचा खांदा धरला.